स्थानिक लोक जेवतात तेथे

परदेशी गेलेल्या मनुष्यास चोरांचे भय वाटते, थंडीचे वाटते, पासपोर्ट हरवण्याचे वाटते, हे सर्व खरे. परंतु या सर्व भयांची बेरीज केली तरी ती ज्या एका भयापुढे क्षुल्लक ठरावी असे भय म्हणजे, आपण परदेशी आहोत हे तेथील लोकांच्या ध्यानात येईल की काय, हे होय. वास्तविक गळ्यात कॅमेरा, पाठीवर पिशवी, पायांत पांढरेशुभ्र बूट आणि हातात उलटा धरलेला नकाशा, इतका भरभक्कम पुरावा स्वतःच्या अंगावर वागवीत हिंडणाऱ्या इसमाने ही गोष्ट गुप्त राहील अशी उमेद बाळगणे म्हणजे आशावादाची परिसीमा होय. पण प्रवासी हा प्राणीच मोठा आशावादी. ब्रुसेल्सच्या मध्यवस्तीत जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले हजारो लोक चार-दोन गल्ल्यांत एकमेकांचे खांदे घाशीत फिरत असतात, आणि त्यांतील प्रत्येकजण मनाशी म्हणत असतो, 'शी! काय हे प्रवासी माजले आहेत!'

माझे साडू हे या पंथाचे नुसते अनुयायी नव्हेत, पीठाधीश आहेत. सरकारी नोकरीत हयात घालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी युरोपविषयी इतके ग्रंथ वाचून काढले की, प्रत्यक्ष युरोप जेव्हा पुढ्यात आला तेव्हा तो पुस्तकाबरहुकूम नाही अशा अनेक तक्रारी त्यांना नमूद कराव्या लागल्या. प्रवासातील भोजनासंबंधी त्यांचे एकच फर्मान आहे: स्थानिक लोक जेवतात तेथेच जेवायचे. हे फर्मान ऐकावयास जितके सुबोध तितकेच अमलात आणावयास बिकट. कारण स्थानिक लोक कोणते हे ठरविण्याचा अखत्यार साडूंनी स्वतःकडे राखून ठेवला आहे, आणि त्यांचा निकाल लागेपर्यंत स्थानिक लोक जेवून, भांडी आवरून, निजलेले असतात. माझी मेहुणी, म्हणजे साडूंच्या सौभाग्यवती, या सफरीत सामील झाली नव्हती. गुडघेदुखीची सबब सांगून ती पुण्यासच राहिली. नवऱ्याबरोबर प्रवासाचा विषय निघाला की तो गुडघा हटकून दुखतो. एरवी तो पर्वती चढतो.

सारांश, साडू, मी, आमची सौभाग्यवती आणि लूव्हेनच्या विद्यापीठात शिकणारा माझा भाचा, असे चौघे सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी ग्रां-प्लास या विख्यात चौकात उभे होतो. भुकेने आमचे प्राण कासावीस झाले होते आणि साडू आम्हांस १६९५ सालची हकिकत सांगत होते. त्या साली फ्रान्सच्या चौदाव्या लुईचा सेनापती व्हिलरॉय याने शहरावर तोफा डागून या चौकाची राखरांगोळी केली. नगरभवनाचा उंच मनोरा मात्र, इतका ठळक असूनही, ढासळला नाही. आणि मग व्यापाऱ्यांच्या व कारागिरांच्या संघांनी अवघ्या काही वर्षांत ही सोनेरी नक्षीची घरे एकापेक्षा एक सरस अशी पुन्हा उठविली, इत्यादी. साडू १९९८ सालापर्यंत, म्हणजे युनेस्कोने या चौकास जागतिक वारशाचा मान दिला तेथपर्यंत, येऊन पोहोचले तेव्हा सौभाग्यवतीचा धीर सुटला.

"भाऊजी," ती म्हणाली, "एवढा सगळा चौक त्यांनी काही वर्षांत पुन्हा बांधला, तर आपलं जेवण आज रात्रीपर्यंत होईल ना?"

या चौकाच्या भोवतालच्या रस्त्यांची नावे भुकेल्या मनुष्याची थट्टा करण्याच्याच हेतूने ठेवली असावीत असा माझा तर्क आहे. एक लोण्याचा रस्ता, एक कोंबडी बाजार, एक चीज बाजार, एक हेरिंग मासळीची गल्ली. आणि पाटी फ्रेंच व डच अशा दोन्ही भाषांत लिहिण्याचा तेथे कायदाच असल्यामुळे ही थट्टा प्रत्येक कोपऱ्यावर दोनदा होते. या सर्वांची पट्टराणी म्हणजे रू दे बूशे, अर्थात खाटीक आळी. आज त्या आळीत खाटीक औषधालाही सापडावयाचा नाही. दोन्ही अंगांना हॉटेलेच हॉटेले, त्यांच्या कनाती रस्त्यावर इतक्या पुढे आलेल्या की आकाशाची एक चिंधोटी तेवढी वर दिसावी, आणि प्रत्येक दारापुढे बर्फाच्या चुऱ्याच्या गादीवर शेवंडे, खेकडे, कालवे आणि अर्धी कापलेली लिंबे यांची आरास मांडलेली. त्या आराशीपलीकडे एकेक गृहस्थ मेनूकार्ड छातीशी धरून उभा. येणाऱ्याजाणाऱ्याचे मुखावलोकन करून त्याची मायभाषा ओळखणे आणि त्या भाषेत त्याला आत बोलावणे, एवढेच या गृहस्थांचे काम. आणि ते त्यात इतके पारंगत झालेले असतात की, मोठमोठ्या भाषाशास्त्रज्ञांनी त्यांच्या पायाशी बसून शिकावे.

साडूंनी त्या दिवशी युरोपीय वाटावे म्हणून मुद्दाम करडी फेल्ट हॅट परिधान केली होती आणि मफलर फ्रेंच पद्धतीने गुंडाळला होता. आळीत त्यांचे पहिले पाऊल पडते न पडते तोच तीन दारांतून एकदम आरोळी आली: "नमस्ते! नमस्ते, इंडिया! व्हेज आहे, व्हेज!"

साडूंच्या मुखावरची कळा उतरली. पण पराभव मान्य करणे त्यांच्या सेवापुस्तकात बसत नाही. "मागं पाहू नका," ते दबक्या आवाजात म्हणाले. "जो बोलावतो त्याच्याकडे जायचं नाही. अस्सल बेल्जियन माणूस बोलावत नसतो."

आळीला फुटलेल्या एका बोळात अखेर त्यांना हवे ते सापडले. त्या दाराशी कोणी उभे नव्हते. बर्फावर कोणी जलचर निजलेला नव्हता. आत काळपट लाकडाच्या भिंती, त्यांवर डागाळलेले प्रचंड आरसे, पितळी दांड्या, बुद्धिबळाच्या पटासारख्या फरशा, आणि या सर्वांच्या मध्यभागी काळे जाकीट व पायघोळ पांढरा एप्रन घातलेला पन्नाशीतला एक वेटर. त्याने आमच्याकडे पाहिले. म्हणजे असे की, आम्ही ज्या जागी उभे होतो त्या जागेकडे त्याने पाहिले, तेथे काहीही नाही अशी स्वतःची खात्री करून घेतली, आणि तो पुढे निघून गेला.

साडूंचा चेहरा उजळला. "हीच ती जागा!" ते म्हणाले. "पाहिलंत ना? त्याला आपली काडीइतकी गरज नाही."

जेथे आपले स्वागत होते ते हॉटेल प्रवाशांसाठी असते आणि जेथे आपला पाणउतारा होतो ते अस्सल असते, हा सिद्धांत साडूंनी पुण्यात राहून बांधलेला असल्यामुळे त्यास पुराव्याची ददात नव्हती. त्या सिद्धांताच्या कसोटीवर ही ब्रासरी पहिल्या प्रतीची ठरली. आम्ही दाराशी तिष्ठत राहिलो. वेटर चार-पाच वेळा आमच्यासमोरून गेला. दर खेपेस साडू अधिकाधिक प्रसन्न होत गेले. आमचा अर्ज त्याच्या नजरेस पडला होता, पण तो दाखल करून घेण्याचा त्याचा मानस दिसत नव्हता. साडूंनी घोटून पाठ केलेल्या फ्रेंचमध्ये चार जणांच्या जागेची विनंती केली. वेटरने इंग्रजीत उत्तर दिले. साडूंनी पुन्हा फ्रेंचमध्ये आभार मानले, वेटर पुन्हा इंग्रजीत म्हणाला, "या इकडे." हा द्विभाषिक संवाद रात्रभर असाच चालला. "त्याला इंग्रजीचा सराव करायचा असेल," असे साडू म्हणाले.

भिंतीलगत एक लांबच लांब गादीचे बाक होते आणि त्यापुढे टेबले इतकी खेटून मांडलेली होती की, आत शिरावयाचे तर वेटरने टेबल ओढून काढावे, आपण बाकावर सरपटत जावे, आणि मग त्याने टेबल पूर्ववत ढकलून आपणांस जेरबंद करावे, असा तेथला शिरस्ता होता. सौभाग्यवती मध्यभागी अडकली. शेजारच्या टेबलाशी, म्हणजे माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर, एक वृद्ध दांपत्य बसले होते. साडूंनी त्यांचे सूक्ष्म निरीक्षण केले आणि ते माझ्या कानाशी लागले. "अस्सल ब्रुसेल्सकर," ते पुटपुटले. "मेनूकार्डाकडे ढुंकूनसुद्धा पाहिलं नाही त्यांनी. आता ते करतील तसंच करायचं."

त्या वृद्ध गृहस्थाने नॅपकिन उलगडून, त्याची दोन टोके मानेमागे घेऊन, त्यांस पक्की गाठ मारली. साडूंनी तत्काळ आपली गाठ मारली आणि डोळ्यांनी आम्हांस हुकूम दिला. मी गाठ मारली. भाच्याने काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले, पण वडीलधाऱ्यांचा मान राखून त्यानेही मारली. सौभाग्यवतीने मात्र साफ नकार दिला. "मी काय न्हाव्याकडे आले आहे?" ती म्हणाली.

यानंतर वेटर हातात लहानशी वही घेऊन उभा राहिला आणि सौभाग्यवतीच्या शाकाहाराचे प्रकरण सुनावणीस निघाले.

"मादाम मांस खात नाहीत," भाच्याने निवेदन केले.

"उत्तम," वेटर म्हणाला. "मग मासे."

"मासेही नाही."

"कोळंबी?" वेटरने विचारले, आणि सौभाग्यवतीची मुद्रा पाहून समजुतीच्या स्वरात पुढे म्हणाला, "टोमॅटोत भरलेली असते. टोमॅटो ही भाजी आहे."

स्टूम्प म्हणजे बटाटा आणि भाज्या एकत्र घोटून केलेला पदार्थ आहे असे कळल्यावर तिच्या आशा पल्लवित झाल्या. परंतु त्याच्या शिरोभागी सॉसेज विराजमान असते असा खुलासा झाला. मग भाच्याने शिकॉनचे नाव काढले. ही चिकोरीची पांढरी, कोवळी बोंडे अंधारात वाढवितात. एकोणिसाव्या शतकात ब्रुसेल्सच्याच परिसरात ही युक्ती सिद्ध झाली, आणि तेथील लोकांस तिचा रास्त अभिमान आहे. चीजच्या सॉसमध्ये ती भाजून देतात. दुर्दैवाने, भाजण्यापूर्वी त्या निष्पाप वनस्पतीस हॅममध्ये गुंडाळतात.

"हॅम काढता येईल का?" सौभाग्यवतीने विचारले.

"येईल," वेटर म्हणाला. "मादामनी तो स्वतः काढावा. स्वयंपाकघरात ते काम कोणी अंगावर घेणार नाही."

"मग निदान नुसते तळलेले बटाटे तरी आणा!" ती काकुळतीने म्हणाली. बटाट्याच्या या सोनेरी सळ्या म्हणजे बेल्जियमचे पंचप्राण. त्यांस सगळे जग 'फ्रेंच' म्हणते याचे शल्य तेथील आबालवृद्धांच्या हृदयात सलत असते. त्यामुळे बटाट्याचा विषय निघताच वेटरच्या चर्येवर त्या रात्री प्रथमच मानवी भावनेची छटा उमटली. पण सौभाग्यवती ही चौकशी अर्धवट सोडणाऱ्यांपैकी नव्हे. "तळता कशात?" तिने विचारले.

"बैलाच्या चरबीत, मादाम," तो अभिमानाने म्हणाला. "एकदा मंद आचेवर, आणि थंड झाल्यावर पुन्हा कडक आचेवर. दोनदा!" आणि त्याने दोन बोटे वर केली. दुसऱ्या वेळचा उल्लेख त्याने तिच्या विशेष समाधानार्थ केला असावा.

अखेर चीजचे ऑम्लेट, लोण्यात केलेले, या मसुद्यावर उभयपक्षी तडजोड झाली. "लोणी कशाचं?" असे तिने सवयीने विचारलेच. "गाईचं, मादाम," वेटर किंचित दचकून उत्तरला. हा प्रश्न त्यास त्याच्या उभ्या कारकिर्दीत कोणी विचारला नसावा.

पेयांची यादी हे स्वतंत्र दफ्तरच होते. बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीची नोंद युनेस्कोने २०१६ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात केली, आणि ती यादी चाळताना त्या नोंदीस इतका विलंब का लागला असावा हे मला उमगले. त्यांनी आधी ती सगळी वाचली असणार. प्रत्येक बिअरला स्वतःचा वेगळा पेला असतो. एकीचा ट्यूलिपच्या आकाराचा, दुसरीचा पसरट वाडग्याचा, तर एकीचा बुडाशी असा गोल की, लाकडी चौकटीच्या आधारावाचून तो उभाच राहू नये. भाच्याने अशीही माहिती पुरविली की, गेंट शहरातील एका पानगृहात त्यांचा खास मोठा पेला मागितला तर गिऱ्हाइकास पायातला एक बूट तारण म्हणून द्यावा लागतो. तो बूट टोपलीत घालून आढ्याशी टांगतात आणि पेला परत मिळाल्यावर खाली सोडतात. गहाणखताचा इतका सुटसुटीत प्रकार आमच्याकडील सावकारांस कसा सुचला नाही, याचे मला नवल वाटले.

साडूंनी अर्थातच त्या मातीतली बिअर मागविली. तिला ग्यूझ म्हणतात. तिच्यात कोणी यीस्ट घालीत नाही, हे त्यांनी बाटली येईपर्यंत आम्हांस सविस्तर समजावून दिले: धान्याचा उकळलेला अर्क थंडीच्या दिवसांत रात्रभर उघड्या, पसरट भांड्यात ठेवून देतात, सेन नदीच्या खोऱ्यातील हवेत तरंगणारे रानटी यीस्ट आपण होऊन त्यात उतरते, मग तो अर्क एकेक, दोनदोन, तीनतीन वर्षे लाकडी पिंपांत मुरतो, आणि नव्याजुन्याची भेसळ करून बाटल्यांत भरतात.

"म्हणजे रात्रभर उघडं टाकलं आणि आंबलं, तेच ना?" सौभाग्यवतीने विचारले.

साडूंनी उत्तर न देता घोट घेतला. ग्यूझ हे पेय आंबट असते असे म्हणणे म्हणजे समुद्र ओला असतो असे म्हणण्यापैकी आहे. त्यांचा डावा डोळा मिटला, उजव्यात पाणी तरारले, दोन्ही कानशिले मागे खेचली गेली, आणि क्षणभर त्यांच्या मुखावर जे अवतरले त्यास माझ्यासारख्या पामराने काय नाव द्यावे! पण शेजारचा वृद्ध त्यांच्याकडे पाहत होता. "वा!" साडू घोगऱ्या आवाजात उद्गारले. "काय खोली आहे!" त्या खोलीचा तळ गाठण्यास त्यांस पाऊण तास लागला, आणि दर घोटागणिक ते शेजाऱ्याकडे पाहून जाणकाराप्रमाणे मान डोलवीत राहिले.

यथावकाश पदार्थ आले. साडूंनी आणि मी मसल्स मागविली होती, आणि प्रत्येकासमोर काळ्या मुलाम्याचे झाकणदार पातेले येऊन आदळले. एकेका पातेल्यात किलोभर काळेनिळे शिंपले, सेलरी, कांदा आणि पांढऱ्या वाइनचा वाफाळता रस. "हे बेल्जियमचं राष्ट्रीय पक्वान्न," साडूंनी जाहीर केले. "झीलंडची," वेटर जाता जाता म्हणाला. तो त्याच्या मते सर्वोच्च गुणवत्तेचा दाखला होता. "झीलंड म्हणजे हॉलंडात, काका," भाचा हळूच म्हणाला. साडूंनी तो मुद्दा तहकूब ठेवला आणि भाच्याच्या पानाकडे पाहिले. त्याच्यापुढे स्पॅगेटी होती.

"अरे, बेल्जियममध्ये येऊन स्पॅगेटी? मग स्थानिक लोक काय खातात ते शिकायचं कधी?"

"काका, इथली मंडळी ब्रासरीत हीच खातात. माझे वर्गमित्र तर आठवड्यातून तीनदा."

साडूंनी त्याच्याकडे अशा करुणेने पाहिले की, बिचाऱ्याने पुढे वाद घातला नाही. जो त्या टेबलाशी बसलेला एकमेव रहिवासी होता, त्याची साक्ष अशा रीतीने फेटाळली गेली.

मी कोकणातला, तिसऱ्यांच्या कालवणावर पोसलेला. शिंपला दिसला की तो बोटांनी उचलून, ओठांशी नेऊन, आतला ऐवज बाहेर ओढण्याचे माझे शिक्षण मुंजीपूर्वीच पूर्ण झालेले. मी त्याप्रमाणे पहिला शिंपला उचलला मात्र, साडूंनी माझे मनगट धरले. "साडूभाऊ, बोटं नकोत!" ते म्हणाले. रिकाम्या झालेल्या पहिल्या शिंपल्याचा चिमटा करून त्याने पुढची मसल्स उपटून खावयाची, अशी तेथली रीत आहे, आणि ती रीत खरोखरच आहे. भाच्यानेही तिला दुजोरा दिला. साडूंनी ती तीन पुस्तकांत वाचली होती. त्यांनी एक शिंपला निवडला, त्याची दोन पाती अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये धरून दोनदा मिटवून पाहिली, पातेल्यात खोल हात घातला, एक लठ्ठ मसल पकडली, आणि ती सहजासहजी सुटत नाही असे पाहून जोर केला. रसाने बुळबुळीत झालेला चिमटा बोटांतून निसटला. मसल मात्र मुक्त होऊन, एक सुबक कमान रेखीत, शेजारच्या वृद्ध गृहस्थाच्या नॅपकिनवर, बरोबर हनुवटीखाली, जाऊन चिकटली.

ब्रासरीत स्तब्धता पसरली. "पार्दों!" साडू म्हणाले. त्या गृहस्थाने मसल शांतपणे काढली, तिच्याकडे क्षणभर पाहिले, आणि ती खाल्ली. मग किंचित वाकून तो म्हणाला, "नो प्रॉब्लेम."

"सुशिक्षित आहेत," साडू माझ्या कानात म्हणाले. "पाहिलंत? वाया जाऊ दिली नाही. हीच इथली संस्कृती."

एव्हाना पलीकडच्या टेबलावर नव्याने येऊन बसलेल्या दोन तरुणींनी डाव्या बाजूस आम्हा पाच पुरुषप्रकृतींचा, म्हणजे वृद्ध, साडू, मी, भाचा, आणि आम्हांस पाहून धीर आलेला कोपऱ्यातला एक लठ्ठ गृहस्थ यांचा, मानेस नॅपकिन बांधलेला ताफा पाहिला होता. त्यांनी एकमेकींकडे पाहून आपापल्या गाठी मारल्या. वेटर ताटल्या घेऊन या सबंध रांगेसमोरून गेला. त्याच्या मुखावरची रेषाही हलली नाही. या माणसाने किती हंगाम पाहिले असतील!

मध्यंतरी मला तळघरात जाणे प्राप्त झाले. जिन्याच्या पायथ्याशी एका लहानशा टेबलामागे एक भारदस्त बाई बसल्या होत्या, त्यांच्यापुढे चिनीमातीची बशी होती, आणि त्या बशीत अर्धा युरो ठेवल्याविना पुढील प्रवास संभवत नव्हता. ज्या शहराने मानेकन पिस नावाच्या दोन फुटी ब्राँझच्या पोराला १६१९ पासून भर रस्त्यात हाच विधी अहोरात्र, विनामूल्य करू दिला, त्याला हजारांवर पोशाख शिवून दिले, आणि जेथे १९८७ पासून खाटीक आळीला लागूनच त्याच्या बहिणीचीही तशीच सोय लावून देण्यात आली आहे, त्या शहराने एका जिवंत, करदात्या पाहुण्याकडून या कामी शुल्क आकारावे, हा मला उघड पंक्तिप्रपंच वाटला. पण ती वेळ तत्त्वचर्चेची नव्हती. माझ्या खिशात पन्नास युरोची एकच नोट होती. बाईंनी ती उजेडात धरून पाहिली आणि परत केली. मला गेंटच्या बुटाची आठवण झाली. मी डोक्यावरची लोकरी कानटोपी, सौभाग्यवतीने स्वहस्ते विणलेली, बशीशेजारी तारण ठेवली आणि आत गेलो. बाहेर आल्यावर सुटे आणण्यासाठी वर गेलो, आणि वर बिलाच्या भानगडीत ती टोपी सोडवून आणण्याचे राहून गेले. ती अद्याप बहुधा तेथेच असावी. व्याज किती चढले असेल देव जाणे.

बिलाची भानगड अशी की, गिऱ्हाइकाने मागितल्याखेरीज बिल आणणे हा तेथे असभ्यपणा समजतात, आणि मागितल्यावर लगेच आणणे हाही समजत असावेत. साडूंनी हवेत सही करण्याची खूण केली. वेटरने मान लवविली आणि तो अंतर्धान पावला. २०१०-११ साली निवडणुकीनंतर ज्या देशाने ५४१ दिवस रीतसर सरकारावाचून काढले, आणि तेवढ्या अवधीत आगगाड्या, टपाल व बटाटे यांपैकी कशालाही खंड पडू दिला नाही, त्या देशाच्या नागरिकास एका बिलासाठी घाई ती कसली? सौभाग्यवतीने दरम्यान दाम ब्लांश हे आइस्क्रीम मागवून, त्यावर ऊनऊन चॉकलेट स्वहस्ते ओतून, संथपणे संपविले, आणि त्या टेबलावर मनापासून जेवलेली ती एकटीच होती असे मला दिसून आले.

बिल आले तेव्हा भाच्याची गाडी निघण्याची वेळ झाली होती. लूव्हेन काही फार दूर नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याची परीक्षा होती, निदान तो तसे म्हणाला. टेबल ओढून त्यास मुक्त करण्यात आले, आणि त्याच वेळी शेजारच्या वृद्धाने माझ्या बाहीस स्पर्श केला.

"क्षमा करा," तो इंग्रजीत म्हणाला. "आपण येथलेच दिसता. आम्ही लिस्बनचे. येथे टिप किती ठेवतात? आम्ही रात्रभर आपल्याकडे पाहूनच जेवलो."

मी साडूंकडे पाहिले. मला वाटले, आता हा मनुष्य खचणार. पण 'येथलेच' एवढा एक शब्द त्यांच्या कानी पडला होता आणि उरलेले वाक्य त्यांनी कामकाजातून वगळले होते. "मग तो नॅपकिन?" मीच विचारले.

"हा होय?" वृद्ध म्हणाला. "शर्ट नवा आहे. हिनं बजावलं होतं."

"येथे दहा टक्के ठेवण्याची वहिवाट आहे," साडू मध्येच गंभीरपणे म्हणाले. "काका, सर्व्हिस बिलातच धरलेली असते," असे भाचा जाता जाता मराठीत कळवळून म्हणत होता. पण साडूंनी एव्हाना एक नोट बशीत टाकली होती. वृद्धाने टाकली. दोन तरुणींनी टाकल्या. कोपऱ्यातल्या लठ्ठ गृहस्थानेही टाकली. वेटरने त्या सर्व गोळा केल्या आणि प्रथमच, अगदी शुद्ध फ्रेंचमध्ये, साडूंचे आभार मानले.

त्या आभारांनीच पुढचा घात झाला. लिस्बनच्या बाईंनी विचारले, आपले घर कोणत्या भागात? साडूंना ऐन वेळी आठवलेले ठिकाण म्हणजे मानेकन पिस. "किती छान!" बाई म्हणाल्या. "आमचं हॉटेल तिथेच आहे. आम्हांला अंधारात रस्ता सापडत नाही. आपण बरोबरच जाऊ या."

भर चौकातून जाणारा तो दहा मिनिटांचा सरळ रस्ता. नगरभवनाचा मनोरा दिव्यांनी उजळून डोक्यावर उभा. पण नकाशा काढला असता तर साडूंचे नागरिकत्व तत्क्षणी रद्द झाले असते, आणि मी खिशातला मोबाइल काढू लागताच त्यांनी "साडूभाऊ, स्थानिक लोक पत्ता शोधत नाहीत" असे म्हणून तो परत ठेवावयास लावला. ते हॅट सारखी करून आत्मविश्वासाने पुढे निघाले. त्यांच्यामागे लिस्बनचे दांपत्य, त्यांच्यामागे आम्ही उभयता, मी उघड्या डोक्याने. "टोपी कुठं आहे?" सौभाग्यवतीने मध्येच विचारले. मी थंडी फारशी नाही, असे उत्तर दिले. लोण्याच्या रस्त्याने आम्ही गेलो, कोंबडी बाजारातून वळलो, आणि पुन्हा खाटीक आळीत उगवलो.

"नमस्ते, इंडिया!" तीन दारांतून आरोळी आली. साडूंनी लिस्बनच्या बाईंना ही आळी रात्रीही कशी गजबजलेली असते हे दाखविण्यासाठी मुद्दाम आणले असल्याचे सांगितले. दुसऱ्या खेपेस आम्ही चीज बाजाराकडे जावयाचे म्हणून निघालो आणि त्याच आळीच्या दुसऱ्या तोंडाने आत आलो. "नमस्ते," एकाच दारातून, जरा सबुरीने, आवाज आला. तिसऱ्या खेपेस मात्र त्या गृहस्थांपैकी कोणीच काही बोलले नाही. उलट एकाने मेनूकार्ड खाली घेऊन, अदबीने बाजूस सरून, आम्हां पाचजणांस वाट करून दिली.

साडूंनी हॅटला बोट लावून त्याचा मुजरा स्वीकारला आणि ते मागे वळून मला म्हणाले, "पाहिलंत? ओळखायला लागले आता."